चावीचं घड्याळ

मॉलच्या तोंडाशी बाबांच्या कारखान्याची जुनी दगडी कमान शोभेला ठेवली आहे. लोक तिच्याखाली हौसेनं फोटो काढतात. आतले कामगार घरी गेले, यंत्रं भंगारात गेली, कमान तेवढी राहिली. कारखान्यानेच बक्षीस दिलेलं बाबांचं चावीचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा मी ते घेऊन या मॉलमधल्याच शोरूममध्ये गेलो.

"आतलं मशीन काढून सेलचं टाकतो," तिथला माणूस गोड हसला. "वरून कळणारही नाही. रोज चावी द्यायची कटकट संपली."

वरून कळू न देता आतलं सगळं काढून टाकायचं, ही या जागेची जुनीच सवय. मी घड्याळ उचललं आणि एसटी स्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करत बसणाऱ्या काकांकडे दिलं.

"याचं जुनं चाक शोधावं लागेल," ते म्हणाले. "कधी मिळेल, सांगता येत नाही."

गोड बोलले नाहीत, एवढं मला पुरे होतं.

घरी मी हे सगळं तावातावाने सांगितलं. बाबा रिकामं मनगट चोळत ऐकत होते.

"बरं केलंस," ते म्हणाले. "पण ते चाक मिळेपर्यंत करू काय? कारखाना गेल्यापासून सकाळी उठून चावी देणं, तेवढंच काम उरलं होतं रे मला."