दोरी नव्हती

रहीमभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी स्टुडिओत एका नवरा-नवरीला "जरा हसा" म्हणत होतो. जळगावच्या बाजारात, माझ्या शेजारच्याच दुकानात तो पत्र्याचे डबे बनवायचा. मी मयतीला गेलो नाही... मी त्याचा गुन्हेगार आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्या साली मी स्टुडिओ काढला. पुढे चावीचा सिनेमा-कॅमेरा घेतला, तर "हा पाण्यात नेला तर?" हे खूळ रहीमभाईनेच काढलं. तापीत पोहून वाढलेला गडी! समोर काच बसवून, फटी वितळलेल्या कथलाने झाळून त्याने असा डबा केला की आत थेंब जाईना. आम्ही मालवण गाठलं. तो कॅमेऱ्याचा डबा घेऊन उथळ समुद्रात बुडी मारी, मी होडीतून काचेच्या बुडाच्या बादलीतून बघत बसे. चौथ्या दिवशी एक अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस, दिसला. नारळाच्या दोन करवंट्या पोटाशी धरून वाळूवरून तुरुतुरु चालला होता, अहो, चालत! मोठा मासा आला तसा एका करवंटीत बसला आणि दुसरी वर ओढून घेतली. रहीमभाई वर आला तो हसत-रडतच. "भाऊ, हा तर माझ्याच धंद्यातला शे!"

जळगावात चादरीवर रीळ दाखवलं. पुढे बसलेले एक प्राध्यापक म्हणाले, "करवंट्यांना दोरी बांधलीय." हशा पिकला. रहीमभाई माझ्याकडे वळला, "भाऊ, तुम्ही बी देखं ना? सांगा ना!" त्या प्राध्यापकांच्या कॉलेजचे फोटो काढायचं काम मला हवं होतं. मी हसलो. हो, सगळ्यांबरोबर मीही हसलो!

तो माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही, हेच जास्त जाळतं. बाजार त्याला "काय दोरीवाले!" म्हणे, तो मान खाली घालून पत्रा कापत राही. सहा वर्षं मी शेजारी बसून ते ऐकलं.

महिन्याभराने रहीमभाईची बायको, आमच्या भाभी, एक डबा घेऊन आल्या, चहूकडून झाळलेला. "धूळ-हवा लागू नये म्हणून बंद केला होता त्यांनी. म्हणायचे, भाऊंनी पाहिलंय, भाऊ सांगतील एक दिवस."

झाळ उघडली तर आंबट वास आला. त्या रात्री त्याने घरी नेलेलं आपलं रीळ सहा उन्हाळे कोंडून, चिकटून गोळा झालं होतं. नखं तुटेस्तोवर सोडवत बसलो, एक चित्र सुटेल तर शपथ...

दोरी नव्हती, लोकहो. मी पाहिलं होतं. आज सांगतोय, तर दाखवायला काही नाही आणि ऐकायला तो नाही. डबा टेबलावर आहे. रोज झाकण उचलतो, आणि परत लावतो.