आमटीची वाटी

आज जेवताना आईचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला आणि मध्येच थांबला. मी मान खाली घालून पोळी मोडत राहिलो.

मी ज्या पंथात वाढलो, तिथे भात, आमटी, भाजी, अगदी सणाचा शिरासुद्धा एकत्र कालवून वर पाणी ओतायचा नियम होता. जिभेला चवीची ओढ लागू नये म्हणून. महाराजांना मात्र चांदीच्या ताटात वेगवेगळ्या वाट्या येत. त्यांनी चव जिंकली होती, त्यामुळे बासुंदीपासून त्यांना धोका नव्हता. कॉलेजात असताना मी तिथून बाहेर पडलो. देव आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही, पण भेंडीची भाजी कुरकुरीत असते, हे त्याच आठवड्यात कळलं.

आई तिथेच राहिली. गेल्या महिन्यात ती एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि "आता इथंच राहते," म्हणाली. तरी रोज ताटात पाणी ओतणं काही सुटलं नव्हतं.

आज तिने तांब्या बाजूला सरकवला. आमटीची वाटी उचलून एक भुरका मारला.

"तू केलीस?"

"हो."

"मीठ कमी आहे. आणि एवढी चिंच घालतात का रे?"

स्वातंत्र्यावरची पुष्कळ भाषणं मी हारतुऱ्यांसकट ऐकली आहेत. त्यांत इतकं नेमकं वाक्य एकही नव्हतं. मी मिठाची बरणी पुढे केली. आईने चिमूटभर मीठ घातलं, पुन्हा चाखलं आणि भाजीची वाटी जवळ ओढली, तिलाही नावं ठेवायला.