आखडलेली मान

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत कुणाची पाठ धरली की डॉक्टरच्या आधी माझ्या मैत्रिणीला हाक जायची. ती शेजारच्या खोलीतली, माझ्याच वर्गातली, आणि जन्माला आली ती पाय पुढे करून. पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते, असं सगळे मानायचे. ती वैतागायची. "माझा पाय म्हणजे काय दवाखाना आहे?" म्हणायची, आणि जायची.

अकरावीत असताना मला ताप आला. डोकं असं ठणकत होतं की खिडकीतला उजेडही सोसवेना. उलट्या थांबेनात, आणि मान पुढे वाकेना. ताप हवेचा आणि मान उशीमुळे आखडली, असा आईने निकाल देऊन टाकला. मैत्रीण आली, मला पालथं झोपवून मानेवर हलकेच पाय टेकवला. "होशील गं बरी," म्हणाली. तिचं मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशीही तिने पाय लावला म्हणे, मला आठवत नाही. मी बरळायला लागले तेव्हा कुठे मला कल्याणला हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरांनी माझी मान वाकवून पाहिली आणि मणक्यातलं पाणी तपासायला हवं म्हणाले. पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो, म्हणून बाबा सही करेनात. मग डॉक्टरांनी समजावलं, हा मेनिंजायटिस दिसतोय. मेंदूवरच्या आवरणाला सूज आलीय. ती कुठल्या जंतूंनी आली ते त्या पाण्यातूनच कळणार, आणि जितका उशीर तितकं वाईट. बाबांनी सही केली. पाणी गढूळ निघालं. शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली आणि मी वाचले. लुळीबिळी काही पडले नाही. कान मात्र गेले, सूज आतल्या कानापर्यंत पोचली होती. हे सगळं आईने नंतर पाटीवर लिहून सांगितलं.

घरी आले तर मैत्रीण येईना. हिच्या पायापायी उशीर झाला, असं चाळीत कुणीतरी बोललं असणार. मला कान गेल्याचा नव्हता एवढा तिचा राग होता. अगं, बोलू नकोस, नुसती येऊन बस ना. बाकीचे यायचे, मोठ्ठं तोंड करून काहीतरी म्हणायचे, मी आपली मान हलवायचे. भरल्या घरात मला इतकं एकटं वाटायचं की रडूही यायचं नाही.

मग एकदा हंडा उचलताना पाठीत उसण भरली. मी आईला म्हटलं, तिलाच बोलव. आली. रोडावली होती. मी पालथी झाले, तिने पाय टेकवला. पाय थरथरत होता, आणि बराच वेळ तिने तो उचललाच नाही. ती काही बोलत होती की रडत होती, कोण जाणे. माझं तोंड जमिनीकडे, तिचे ओठ कसे दिसणार?

मी वळले तोवर तिने डोळे पुसले होते. "काय म्हणालीस गं?" मी विचारलं. तिने नुसती मान हलवली, मी सगळ्यांपुढे हलवायचे तशी.