अर्ध्या वाटेवरून परतलेली बयाबाई

पोलादपूरच्या बाजाराच्या टोकाला, जिथून बैलगाड्या महाबळेश्वरच्या घाटाकडे वळत, तिथे एका पडवीत बयाबाई राहायची. व्यापाऱ्यांच्या घरचं भात कांडून पोट भरायची. मुसळ चालू असताना तिचे ओठ हलत असायचे. नव्या माणसाला वाटे, ओव्या म्हणतेय. पण ती येशूशी बोलत असे. मोठ्या प्रार्थना नव्हेत. ‘आज खांदा लई दुखतोय बाबा’, ‘शेजारच्या लेकराचा ताप उतरू दे’ असलं काहीबाही. कुणी हसलं तर म्हणे, “ऐकणारा हाय, मंग बोलू नको का?”

ती उमरठच्या चांगल्या शेतकरी घरची धाकटी सून. नवरा मालोजी मुंबईत गिरणीत होता. त्याची छाती बिघडली तेव्हा ती त्याच्याजवळ जाऊन राहिली. मिशनच्या एका दवाखान्यात त्याचे शेवटचे महिने गेले. तिथली एक नर्स संध्याकाळी खाटेशी बसून येशूच्या गोष्टी सांगायची. मालोजी त्या गोष्टींची वाट बघू लागला, आणि मग बयाबाईसुद्धा. मरणाआधी त्यानं बाप्तिस्मा घेतला, त्याच दिवशी तिनंही.

कपड्यांचं गाठोडं घेऊन ती उमरठला परतली आणि पहिल्याच दिवशी तिनं घरात सगळं सांगून टाकलं. थोरला दीर रावजी उठून गोठ्याकडे गेला. बोलली ती जाऊ तुळजाबाई. बयाबाई लहान वयात लग्न होऊन आली होती, तेव्हा तिची वेणी घालणारी, तिला भाकरी थापायला शिकवणारी हीच तुळजाबाई. तिनंच बयाबाईचं अंथरूण अंगणात आणून टाकलं. बयाबाईचा तोल गेला. अंगणात उभी राहून ती म्हणाली, “आक्का, माजा देव बघून घेईल तुला. या घराला सुख लागायचं नाय.”

ती पोलादपूरला आली ती तशीच. पुढं वर्ष सरायच्या आत तुळजाबाईच्या मुलीची, आवडीची, वरंधच्या हैबतीच्या मुलाशी ठरलेली सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी ऐकलं होतं की या घरातली सून बाटली. बयाबाईच्या कानावर ते आलं, पण अर्धवट. तिला वाटलं, आपला त्यात काय दोष? घालवलं तर त्यांनी आपल्याला.

महाडला तेव्हा ख्रिस्ती माणसं मूठभर होती. महिपती मास्तरांच्या खोलीत ती रविवारी जमत. पाद्रीसाहेब मात्र वर्षातून एकदा, भातं झोडून झाली की घाट उतरून येत, आणि तेव्हाच प्रभुभोजन होई, येशूची आठवण म्हणून सगळे एकाच भाकरीतला तुकडा खात. बयाबाई त्या दिवसाकडे डोळे लावून असायची. तिच्यासोबत पोलादपुरातून गोमाजी जाई. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, वयानं वडिलांसारखा. महाडच्या त्या खोलीत एकाच चटईवर सगळे बसत. मराठ्यांची सून गोमाजीच्या शेजारी बसते, हे उमरठला बाकी सगळ्यापेक्षा जास्त झोंबलं होतं.

अशी काही वर्षं गेली. एका वर्षी बयाबाईनं अर्पणासाठी नवा तांदूळ स्वतः कांडून, पाखडून पिशवीत भरला. उजाडता उजाडता दोघं निघाली. अर्धी वाट झाली असेल, तेव्हा समोरून उमरठची ठकूबाई आली. माहेराहून परतत होती. पाटी खाली ठेवून ती रस्त्याकडेला टेकली आणि बोलता बोलता म्हणाली, “आवडी घरातच बसलीय गो. तिच्या मागच्या पोरींची लेकरं रांगाय लागली. तुळजा म्हणते, बयाचा शाप लागला. रोज म्हणते.”

ठकूबाई गेली. बयाबाई थोडं चालली आणि थांबली. तांदळाची पिशवी तिनं कमरेवरून उतरवली.

“काय झालं?” गोमाजीनं विचारलं.

“गोमाजीबाबा, येशूनं सांगितलंय ना, अर्पण घेऊन निघालात आणि आठवलं की कुणाच्या मनात आपल्याबद्दल काय हाय, तर अर्पण तिथंच ठेवा आणि आधी त्याच्याकडं जा?”

“सांगितलंय. पण तुला घराबाहेर काढलं त्यांनी. चूक त्यांची.”

“चूक कुणाची हे त्यानं विचारलंच नाय. आणि मी तर त्याचं नाव घेऊन आक्काला भ्या घातलं. इतकी वर्सं मी माजंच दुखणं कुरवाळत बसले.”

“आज जेवण घेऊन उद्या जा की. पाद्रीसाहेब परत वर्षानं येणार.”

बयाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला जायचं होतं, फार जायचं होतं. ती म्हणाली, “उद्या माजा धीर व्हायचा नाय. ही पिशवी मास्तरांकडं ठेवा. अर्पणात घालू नका. मी सांगंन तेव्हा घाला.”

ती मागं फिरली. पोलादपूर मागं टाकून, कापडे गावावरून ती उमरठच्या डोंगराला लागली, तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

तुळजाबाई खळ्यावर पेंढा रचत होती. बयाबाई खळ्याच्या कडेलाच उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही.

“कशाला आलीस?”

“आक्का, त्या दिवशी मी देवाचं नाव घेऊन तुला वंगाळ बोलले. माजा देव कुणाचं वाईट करणारा नाय. ते माज्या तोंडाचं पाप. मला माफ कर.”

तुळजाबाईनं पेंढी खाली टाकली. “तुझ्या माफीनं पोरीचं लगीन हुतंय का?”

तुळजाबाईनं कमरेचा पदर सोडून तोंड पुसलं.

“सोड मंग त्या देवाला. प्रायश्चित्त घे, घरात ये. मी स्वतः तुला न्हायला घालीन.” हे म्हणताना तुळजाबाईचा आवाज जरा कापला. बयाबाईला ते कळलं आणि म्हणून ते आणखी जड गेलं.

“ते नाय जमायचं आक्का. दुसरं काय पण सांग.”

“दुसरं?” तुळजाबाई तिच्याकडं बघत राहिली. “मंग वरंधला जा. त्या हैबतीच्या दारात उभी राहून सांग की तुझा आमच्या घराशी संबंध नाय. तुझा वाटा नाय, तुझं पाणी चालत नाय, परत कधी तू आमचा उंबरा चढायची नायस. चार माणसांसमोर सांग.”

मालोजीच्या वाट्याची जमीन त्याच डोंगरउतारावर होती. तिच्या हातानं लावलेली फणसाची झाडं तिथंच होती. बयाबाईनं तिकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, “सांगते.”

दोन दिवसांनी, पायांची सूज जरा उतरल्यावर, ती महाडवरून वरंधला गेली. हैबती आपल्या अंगणात भावकीबरोबर बसला होता. बयाबाईनं पदर सावरला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. तिचा वाटा नाही, तिचं पाणी तिथं चालत नाही, तो उंबरा ती पुन्हा चढणार नाही. “माज्यामुळं पोरीला डाग लावू नका,” ती म्हणाली. “जी काय झाले ती मी एकटी झाले.”

“म्हंजे बाटलीस हे कबूल?” एकानं विचारलं.

“तुमी त्याला बाटली म्हणा. मी येशूची झाले. त्याची मला लाज नाय.”

हैबतीनं विचारलं, “बाई, तुला इथं पाठवलं कुणी?”

“जावेनं. पण तिच्याकडं मला येशूनं धाडलं.”

हैबतीनं मांडीवरच्या पोराकडं बोट दाखवलं. “माज्या पोराचं लगीन केव्हाच झालं. हा नातू,” तो म्हणाला. हे ऐकून बयाबाईला वाटलं, एवढं बोलले ते वायाच गेलं. हैबतीनं घरातून ताक मागवलं आणि वरून तिच्या ओंजळीत ओतायला लावलं. ती निघाली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “ज्या घरानं हाकललं त्या घरच्या लेकीसाठी तू आलीस. बघतो.”

परतताना ती महाडला महिपती मास्तरांकडं थांबली. पाद्रीसाहेब केव्हाच गेले होते. तांदळाची पिशवी कोपऱ्यात तशीच होती. तिनं ती उचलून टेबलावर ठेवली, मास्तरांनी प्रार्थना केली आणि मास्तरांच्या बायकोनं तिचे पाय गरम पाण्यात घातले. प्रभुभोजन चुकल्याचं दुःख तिला होतंच. ती ते लपवत नसे. पुढं वर्षभर कुणी विषय काढला की म्हणायची, “लई भूक लागलीय मला त्या भाकरीची.”

आवडीची सोयरीक जुळली ती उन्हाळ्याच्या तोंडाला, बिरवाडीत, हैबतीच्या पुतण्याशी. बयाबाईला अर्थातच कुणी बोलावलं नाही, आणि तिनं दिलेला शब्द मोडला नसताच. लग्नाच्या दिवशी ती नेहमीसारखी कांडायला गेली. मुसळ मात्र मधूनमधून थांबत होतं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाच्या गाड्या बिरवाडीला जाताना पोलादपुरातून गेल्या. त्यातली एक तिच्या पडवीपुढं थांबली. हळदीची, मुंडावळ्या बांधलेली आवडी खाली उतरली आणि रस्त्यावरच बयाबाईच्या पाया पडली.

“अगो, लोक बघतायत,” बयाबाई मागं सरली.

“आयनं सांगितलंय काकी. म्हणाली, काकीच्या पाया पडल्याबिगर पुढं जाऊ नको.”

बयाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय पुटपुटली ते गाडीवानालासुद्धा ऐकू आलं नाही. गाडी वळणाआड गेली तरी ती तिथंच उभी होती.

त्यानंतर तुळजाबाई बाजाराला आली की पडवीच्या पायरीवर टेकू लागली. आत कधी आली नाही. पाणी आपल्या तांब्यातलं प्यायची, भाकरी आपल्या फडक्यातली सोडायची. बयाबाईनं कधी आग्रह केला नाही. ती आपली भाकरी घेऊन तिच्यासमोर बसे आणि दोघी मिळून जेवत. पुढल्या हिवाळ्यात बयाबाईला प्रभुभोजन मिळालं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी तुळजाबाई म्हणाली, “पिशवीत आमच्या शेताचं पण पसाभर घाल. मालूभावजींच्या वाट्यातलं हाय.”

एकदा अशीच ती येऊन बसली. भर दुपार होती, बयाबाई सुपात तांदूळ पाखडत होती.

“आवडीला दिवस गेलेत,” तुळजाबाई म्हणाली. “पैलटकरीण हाय. जिवाला घोर लागलाय. तुज्या त्या देवाच्या कानावर घाल.”

“आत्ताच घालते,” बयाबाई म्हणाली आणि सूप मांडीवर तसंच ठेवून तिनं डोळे मिटले.

तुळजाबाईनं डोळे मिटले नाहीत. पण पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि बयाबाईचं बोलून होईपर्यंत ती हलली नाही.