दोन्ही बाटल्या एकदम ओतल्या आणि टाकीचं पाणी पांढरंफटक झालं

मंडळी, कुणी ऑनलाइन असेल तर लगेच उत्तर द्या.

मी शहापूरची. घरातली माशांची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या नवऱ्याची आहे. तो जहाजावर नोकरीला, सध्या फोन लागत नाही. लकवा झाल्यापासून सासरे, आमचे बाबा, दिवसभर त्या टाकीसमोरच बसतात. त्यातल्या दोन नारिंगी माशांशी ते बोलतात, आमच्याशी फारसं नाही.

गेले काही दिवस टाकीतलं प्रवाळ फिकं पडत होतं. या ग्रुपवर कुणी सांगितलं कॅल्शियम द्या, कुणी म्हणालं पाण्याचा क्षार टिकवणारं बफर द्या. आज दुपारी मी पाणी न तपासताच दोन्ही ओतलं.

बघता बघता पाणी दुधासारखं झालं. मासे वर येऊन धापा टाकायला लागले.

"काय टाकलंस गो?" बाबा ओरडले.

"औषध टाकलं, बाबा. प्रवाळासाठी."

"माशांना काय झालं नव्हतं गो!"

मीठ कालवून ठेवलेलं पाणी होतं, ते सगळं वापरून टाकीतलं पाणी बदललं. हवेचा पंप जोरात सोडला. पाणी थोडं निवळलं, पण एक मासा गेला. दुसरा तळाशी पडलाय, कल्ले हलतायत. बाबा जेवले नाहीत.

आता एकाने मेसेज केलाय की आणखी एक सप्लिमेंट टाका, मासा वाचेल. ती बाटली घरात आहे. मी उघडायला गेले, तर बाबांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आता नको, नाय टाकायचं."

मनगट अजून सोडलेलं नाही, दुसऱ्या हाताने टाइप करतेय. सांगा, मी कुणाचं ऐकू?