‘बंद’ शेऱ्याचा फ्रिक्वेन्सी स्टँडर्ड

मंडळी, आज दुपारी भंगाराची गाडी कॉलेजच्या दारात उभी होती आणि मी यादीवर सही करत नव्हते.

मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत शिकवते. यादीत आमचा जुना फ्रिक्वेन्सी स्टँडर्ड होता. बाकीची यंत्रं अचूक आहेत का, हे ज्याच्याशी ताडून बघतात ते हे यंत्र. पुढं शेरा होता, ‘बंद’.

त्याच्या आतला ठरावीक वेगानं कंप पावणारा क्रिस्टल नीट तापून स्थिर व्हायला दोन दिवस लागतात. आमच्याकडं जो तो दहा मिनिटं बघून बटण बंद करायचा. म्हणून परवापासून मी ते चालूच ठेवलं होतं.

स्टोअर सांभाळणारे सलीमभाई आले. “मॅडम, गाडीवाला लई घाई करतोय. किती थांबवू?”

“मोजून होईपर्यंत. बिघडलेलं निघालं तर मी स्वतः गाडीत नेऊन ठेवते.”

ते गाडीवाल्याला चहाला घेऊन गेले. मी जीपीएस उपग्रहांकडून येणाऱ्या अचूक वेळेशी ताडून पाहिलं. सेकंदाला एक कोटी कंपनं हवीत, आणि एकाचाही फरक नाही. पुन्हा मोजलं. तेच आलं. यादीतला ‘बंद’ शेरा खोडला.

गाडी रिकामी परत गेली. यादीतल्या उरलेल्या अकरा वस्तूही मी सोमवारपासून एकेक करून तपासणार आहे.

अशी जुनी यंत्रं हाताळलेलं आपल्या शहरात कुणी आहे का? दोन तास मिळाले तरी तपासायला मदतीला या.