वहीशी ताडून पाहणाऱ्या सुलक्षा टीचर

सुलक्षा परब यांना मी प्रथम भेटलो तो पेडण्यातल्या त्यांच्या संगणक केंद्रात, नोकरी मागायला. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी हे केंद्र काढले, म्हणून आजही सगळे त्यांना टीचरच म्हणतात. गावोगावच्या वाचनालयांच्या आणि शेतकरी मंडळांच्या नोंदी भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर सांभाळणे, हे केंद्राचे काम. आमोण्याहून बस बदलत मी आणलेली प्रमाणपत्रांची फाइल त्यांनी उघडलीही नाही. काळ्या पडद्यावर दोन बोटांनी एक कमांड टाइप केली. त्यांच्या स्क्रिप्टने सर्व्हरवरच्या डेटाबेसांची नावे एकाखाली एक काढून दिली. "हीं कोणाचीं, सांग पळोवया," त्या म्हणाल्या. मी नावे नुसती वाचून दाखवली; तरी त्यांनी मला कामावर घेतले.

टीचरांकडे एक जाड वही आहे. कोणता डेटाबेस कोणत्या गावाचा, नोंदी कोणी दिल्या, हे सारे तीत हाताने लिहिलेले. स्क्रिप्ट चालवली की तिची यादी वहीशी ताडून पाहायची, हा त्यांचा नियम. आम्ही तरुण मंडळी त्यावर हसत असू. त्या रागावत, आणि चहाच्या वेळी आपल्या डब्यातला अर्धा उंडो पाव आमच्याच पुढे सरकवत.

सर्व्हर बदलायचे काम त्यांनी विश्वासाने मला दिले. मी माझ्या लॉगिनने यादी काढली, यादीतले सगळे नव्या सर्व्हरवर नेले आणि जुना त्याच संध्याकाळी बंद करा, असे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला कळवले. वही उघडायचा मला कंटाळा आला होता.

दुपारी शाबीकाकांचा फोन आला. हे माझ्याच गावचे शेतकरी. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, पेरायला कोरगुट भाताचे बियाणे कोणाकडे मिळेल, हे त्यांना हवे होते. जुनी बियाणी कोणत्या घरी जपली आहेत, याच्या नोंदी आमोण्याच्या म्हाताऱ्यांनी टीचरांना वर्षानुवर्षे सांगितल्या होत्या. त्यांतले काही आता हयात नाहीत. मी नव्या सर्व्हरवर शोधले. आमोण्याचा डेटाबेसच नव्हता.

सर्व्हर ज्याला जेवढे उघडण्याची परवानगी, तेवढेच त्याला दाखवतो. बियाण्यांचा डेटाबेस टीचरांनी फक्त आपल्या लॉगिनखाली ठेवला होता. माझी अर्धी यादी मी पुरी धरून बसलो होतो. शाबीकाकांना थांबायला सांगून मी टीचरांपुढे उभा राहिलो आणि सगळे सांगून टाकले.

"भियूं नाका. पयलीं फोन करून पोरनो सर्व्हर बंद करूं नाकात म्हूण सांग. मागीर रड," त्या म्हणाल्या.

मी फोन केला. जुना सर्व्हर अजून चालू होता. टीचरांनी आपल्या लॉगिनने तीच स्क्रिप्ट चालवली आणि आमोणे पडद्यावर आले. त्याची प्रत नव्या सर्व्हरवर उतरेपर्यंत मी खुर्चीवर टेकलोही नाही. मग टीचरांनी फोन हातात घेतला. "शाबी, कोरगुट मेळटलें. मात्शें उशीर जालो, आमची यादी उणी आशिल्ली." 'आमची' म्हणाल्या त्या. माझे नाव त्यांनी तेव्हा घेतले नाही आणि शेतकरी मंडळाच्या बैठकीतही घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्य लॉगिनचा पासवर्ड त्यांनी मला दिला. काल एवढा घोळ घातलेल्या माणसाला हे कशाला, असे मी विचारले. "काल तुवें लिपयलें ना, म्हूण," एवढेच उत्तर मिळाले; मी काही लपवले नाही, म्हणून. त्या दिवशी मी केंद्राच्या मागे जाऊन खरोखरच रडलो.

टीचर साठ वर्षांच्या झाल्या. त्यांचे डोळे, गुडघे आणि तो राग असेच धडधाकट राहोत, उदंड आयुष्य त्यांना लाभो. यात माझा स्वार्थ आहे, हे कबूल करतो. पुढेही माझ्या हातून चुका होणार. त्या जिच्यापुढे न घाबरता सांगता येतील, अशी एकच व्यक्ती मला ठाऊक आहे.